नाटक सुटल्यावर घर किती लांब?

प्रश्न सावंतवाडीच्या एका मुलीचा आहे. पणजीत, पाटो भागातल्या ऑफिसात तिला नोकरी लागली आहे, पगार बेताचा आहे. सोबत एक मैत्रीण असेल, भाडं दोघी मिळून देणार. दोघींनाही नाटक-सिनेमाचं वेड. तिने विचारलंय, 'कला अकादमी आणि आयनॉक्सला चालत जाता येईल असं परवडणारं घर पणजीत मिळेल का? नसेल तर मेर्सिस, रायबंदर, ताळगाव, पर्वरी यांतलं काय बरं?' तिस्वाडीत, म्हणजे पणजीच्या तालुक्यात, घरं भाड्याने लावून देण्याचंच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं उत्तर असं की मिळेल, पण अशी घरं थोडी आहेत आणि ती मोबाईलवरच्या जाहिरातींत सापडत नाहीत. त्याआधी एक गोष्ट बघा. सगळे जण घराचं अंतर दुपारी, नकाशावर मोजतात. तुम्ही ते रात्री साडेदहाला मोजा. सातचं तीन अंकी नाटक सुटतं तेव्हा दहा-साडेदहा झालेले असतात, आणि पणजीतल्या बसगाड्या रात्री विरळ होतात. नऊनंतर बस मिळेल असं धरून चालूच नका. ओला-उबर गोव्यात नाहीत. गोवा माइल्स ॲपवर टॅक्सी मिळते, पण रात्री जवळच्या भाड्याला ती येईलच असं नाही. पिवळ्या मडगार्डचे मोटारसायकलवाले पायलट दिवसा कोपऱ्याकोपऱ्यावर असतात, पण काळोख पडला की तेही घरी जातात. म्हणून घर ठरवताना सकाळी ऑफिसला कसं जाणार हा प्रश्न दुय्यम, ते जमतंच. रात्री परत कसं येणार याचं उत्तर आधी हवं.

तेव्हा सर्वांत आधी सांगा, स्कूटर आहे का? सगळा हिशेब इथेच फिरतो. समजा सांत इनेजला वन बीएचके २० हजाराला मिळतो आणि तसाच मेर्सिसला १४ हजाराला. (हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून वाचू नका.) महिन्याला ६ हजार वाचले. मेर्सिसहून कला अकादमी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे बारा. महिन्याला तीनशे किलोमीटर धरले तर स्कूटरला सात-आठ लिटर पेट्रोल लागेल, आठशे रुपयांच्या आत. म्हणजे स्कूटर असेल तर मेर्सिसला राहण्यात सरळ फायदा आहे. स्कूटर नसेल तर वाचलेले पैसे रात्रीच्या टॅक्सीत जातात. त्याहून वाईट म्हणजे दोन-तीनदा परतताना हाल झाले की माणूस नाटकाला जायचंच सोडतो. करमणुकीच्या जवळ राहायला म्हणून आलेले आणि वर्षभरात कला अकादमीची पायरी न चढलेले भाडेकरू मी पुष्कळ बघितलेत. त्यातले बहुतेक पर्वरीचे.

पर्वरीचं आधी उरकतो. तिथे घरं भरपूर आहेत, इमारती नव्या आहेत, मॉलमध्ये आयनॉक्सही आहे आणि इफ्फीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, खेळ तिथेही होतात. पण मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. २०१९ मध्ये तो सुरू झाल्यापासून स्कूटरवाल्यांना खालच्या जुन्या पुलांवरूनच यावं लागतं. त्यात हायवेवर उड्डाणपुलाचं काम चालू असेल तोवर पर्वरीत राहून पणजीत नाटक बघणं हे व्रतच. तुमची नोकरी पाटोला आहे, तेव्हा पर्वरी सोडा.

आता चालत जाण्यातली घरं. कला अकादमी काम्पालला, मांडवीच्या काठावर. चार्ल्स कोरियांनी आखलेली ही वास्तू १९८३ ची. मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद होती, २०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडली. तिथून आयनॉक्स आणि जुन्या जीएमसीची (गोवा मेडिकल कॉलेजची) इमारत चालत दहा-बारा मिनिटांवर. खुद्द काम्पालचं भाडं तुम्हाला परवडणार नाही, आणि तिथे मालक कंपनी-लीज शोधतात. बघायचं ते मागच्या बाजूला, सांत इनेजच्या आतल्या गल्ल्यांत, आणि भाटल्याला. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन-चार मजली इमारती आहेत, लिफ्ट नाही, जिने अरुंद. अशा इमारतीतला वरचा मजला हाच तुमच्या बजेटमधला पणजीतला फ्लॅट. म्हाताऱ्या भाडेकरूला जिना नको असतो, कुटुंबवाल्याला सिलिंडर वर चढवायचा कंटाळा, म्हणून मालक थोडा खाली येतो. दोघी पंचविशीतल्या असाल तर तिसऱ्या मजल्याची काळजी करू नका.

वरच्या मजल्यावर एक मात्र बघा. गच्चीवर पत्र्याचं छप्पर घातलंय का? गोव्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरात. उघड्या स्लॅबखालची खोली ऑगस्टपर्यंत गळायला लागतेच. पत्रे असले की पावसात आवाज होतो, फोनवर बोलणं ऐकू येत नाही, पण गादी कोरडी राहते. आणखी एक खूण सांगतो. भिंतीचा रंग जर फक्त कमरेपर्यंत किंवा खिडकीभोवतीच नवा दिसला तर तिथे ओल आहे, आणि ती तुम्ही येणार म्हणून झाकली आहे. पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट असेल तर ते वीतभर पुढे ओढा आणि मागे हात फिरवा. मालक नको म्हणाला तर समजून जा. जानेवारीत सगळी घरं छान दिसतात.

पाटोहून चालत जाण्यासारखं म्हणून कोणी तुम्हाला मळा आणि फोंतेन्हास सुचवेल. फोंतेन्हासचा मोह आवरा. रंगीत भिंतींसमोर फोटो काढायला सकाळपासून माणसं दारात उभी असतात. तिथल्या रहिवाशांनी वैतागून 'फोटो काढू नये'च्या पाट्या लावल्या आहेत. राहण्याजोग्या खोल्या होमस्टे आणि कॅफेंनी घेतल्या, उरलेल्यांचं भाडं त्यांच्या हिशेबाने चढलं. मळ्याच्या आतल्या बाजूला अजून माफक भाड्याची घरं आहेत, पण तो भाग सखल. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पाणी निघायला जागा राहत नाही आणि रस्त्यावर साचतं. तळमजला घेण्याआधी शेजारच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठवर येतं. तो पायरी दाखवून सांगेल. मालकाच्या सांगण्यापेक्षा ती पायरी खरी.

स्कूटर असेल तर माझी पसंती मेर्सिस आणि सांताक्रूझ, त्यानंतर रायबंदर. मेर्सिसचा फायदा तुमच्या ऑफिसमुळे दुप्पट, कारण पाटो वाटेतच पडतं. सांताक्रूझला गावपण आहे, अंगणाची बैठी घरं आहेत, सकाळी पोदेराचा भोंगा ऐकून पाव घ्यायला उठायचं. शुक्रवार-शनिवारी रात्री मात्र परतताना दयानंद बांदोडकर मार्गाने जाऊ नका. कॅसिनोंच्या जेटींपासून पाटोच्या पुलापर्यंत पर्यटकांच्या गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. आतून सांत इनेजमार्गे किंवा आल्तिनवरून उतरा, थोडं लांब पडलं तरी लवकर पोचाल. रायबंदरला नदीकाठची जुनी घरं आहेत, जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उन्हाळ्यात पंखा पुरतो. पण पणजीहून जाणारा पोन्त द लिन्यारीशचा रस्ता रात्री सुना असतो, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. दोघी एकत्र परतणार असाल तर ठीक. एकटीने रोज यायचं असेल तर आधी एकदा रात्री त्या रस्त्याने जाऊन बघा, जमतं का.

ताळगावचं थोडक्यात. विद्यापीठामुळे विद्यार्थ्यांची मागणी कायम, त्यामुळे भाडं उतरत नाही. पण मुलींसाठी पीजी तिथेच सर्वांत जास्त मिळतात. पहिल्या महिन्याला सोय म्हणून चांगलं.

आणि बेती. हे सहसा कोणी सुचवत नाही. पणजी-बेती फेरीबोट काही मिनिटांत मांडवी पार करते आणि पायी माणसाला तिकीट नाही. बेतीच्या धक्क्यापासून चालत जाण्यासारखी घरं पणजीपेक्षा बरीच स्वस्त पडतात. गाडी नसलेल्याला, नाटक सुटल्यावर नदीकाठच्या पदपथाने वीस-पंचवीस मिनिटं चालत धक्क्यावर यायची तयारी असेल, तर हा उत्तम मार्ग. फक्त रात्रीच्या फेऱ्यांची वेळ धक्क्यावर जाऊन स्वतः विचारून घ्या, आणि वादळी पावसात बोट थांबते हे गृहीत धरा.

जवळ राहण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाट्यगृह जवळ आलं की त्याची गर्दी आणि आवाजही घरात येतो. नोव्हेंबरात इफ्फी. २००४ पासून तो कायमचा गोव्यात आहे. तेव्हा आयनॉक्सभोवतीचे रस्ते बंद होतात, पार्किंग मिळत नाही. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव, मग नाताळ आणि थर्टी फर्स्ट, पुढे कार्निव्हल, शिगमो. दिवाळीच्या आदल्या रात्री गल्लीगल्लीत नरकासुराचा पुतळा, आणि त्यापुढचा डीजे पहाटेपर्यंत. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हवा, सणासुदीच्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. फारच झालं तर ११२ ला फोन करता येतो. पण खरा त्रास सणांचा नसतो, कारण ते चार दिवसांत संपतात. त्रास होतो शेजारच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी नवी टोळी उतरते त्याचा. इमारतीत किती फ्लॅट पर्यटकांना दिले जातात हे बघायची सोपी युक्ती म्हणजे दारांवर आकड्यांची कुलुपं किंवा किल्लीच्या छोट्या पेट्या मोजा. दोनाहून जास्त दिसल्या तर दुसरी इमारत शोधा. पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, पण ती नसणारे कमी नाहीत, आणि तुमच्या तक्रारीने सोसायटीत तुम्हीच वाईट ठरता.

याच हंगामामुळे करारात एक ओळ हवीच. किनाऱ्याजवळचे काही मालक जूनमध्ये स्वस्तात घर देतात आणि नोव्हेंबर आला की 'मुलगा येतोय' म्हणून खाली करायला सांगतात. मुलगा येत नाही, पर्यटक येतात. पणजीत हे कमी, पण होतं. म्हणून ११ महिन्यांच्या करारात लॉक-इन दोन्ही बाजूंना लिहून घ्या. निदान मार्चअखेरपर्यंत मालकालाही तुम्हाला काढता येणार नाही असं. ११ महिनेच का, तर एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळण्यासाठी. शिवाय गोव्यात भाडेकरूला संरक्षण देणारा १९६८ चा कायदा आहे, त्याची मालकांना जुनी धास्ती, म्हणून सगळे लीव्ह अँड लायसन्सच करतात. तुमच्यासारख्यांना त्याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो सही कोणाची आहे याने. हे गोव्याचं खास दुखणं आहे, इथे जरा थांबतो. जुनं घर वारशाने पाच-सहा भावंडांत आलेलं असतं. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेली नसते. एक भाऊ इथे, एक लिस्बनला, एक इंग्लंडात, बहीण मडगावला दिलेली. घर दाखवायला येते ती शेजारची मावशी, किल्ली तिच्याकडे. भाडं कोणाच्या खात्यात जातं ते कोणालाच नीट सांगता येत नाही. मग मे महिन्यात सुट्टीवर भाऊ येतो आणि विचारतो, 'तुम्ही कोण?' त्यात गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणजे भावाबरोबर वहिनीचाही हक्क. तुम्हाला कोर्टकचेरीत पडायचं नाही. इतकंच करा. घरपट्टीची अलीकडची पावती मागा आणि तिच्यावर नाव कोणाचं ते बघा. करारावर सही करणारा दुसराच असेल तर मुखत्यारपत्राची प्रत मागा. नवरा-बायको दोघं असतील तर दोघांच्या सह्या घ्या. 'आमच्यात असं कोणी विचारत नाही' असं कोणी म्हणालं तर हसून सांगा की ऑफिसला द्यायचं आहे. ऑफिसचं नाव काढलं की मालक कागद काढतात, असा माझा अनुभव आहे.

पोलीस पडताळणीचं फॉर्म भरणं ही मालकाची जबाबदारी. २०२४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाही झाला. 'बघू पुढे' म्हणणारा मालक बहुधा भाडं लपवतो आहे. फॉर्मची शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा, पुढे पत्त्याच्या कामाला येते.

डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं, एजंटचं एक महिन्याचं, म्हणजे माझंही. आधीच सांगितलेलं बरं. घर दाखवण्याआधीच 'टोकन' म्हणून यूपीआयवर पैसे मागणारा कोणीही असो, सैन्यात आहे म्हणो की जहाजावर, त्याला एक रुपया देऊ नका.

वीज आणि पाणी. वीज सरकारी खात्याची, घरगुती दर परवडतो. पण मालक आधी खोल्या पर्यटकांना देत असेल तर मीटर व्यावसायिक दराचं असू शकतं, मग पंखा-फ्रीजचं बिलही जड होतं. मागची तीन बिलं बघा, त्यावर वर्गवारी लिहिलेली असते, आणि थकबाकीही कळते. वरच्या आणि खालच्या मजल्याला एकच मीटर असेल तर घर कितीही आवडलं तरी नको. महिन्याला एक भांडण ठरलेलं. पाण्याचं असं की तिस्वाडीला मुख्यतः ओपाच्या प्रकल्पातून पाणी येतं. २०१९ च्या ऑगस्टात खांडेपारजवळ मुख्य वाहिनी फुटली आणि पणजीसकट सगळे कित्येक दिवस टँकरच्या मागे धावले. असं रोज होत नाही, पण नळ ठरावीक वेळीच येतो. तेव्हा जमिनीखालची टाकी आहे का, पंप कोण चालू करतं आणि टँकर मागवला तर पैसे कोणाचे, हे तीन प्रश्न विचारा. टँकरचं करारात लिहून घ्या. मेर्सिस-सांताक्रूझला हे जास्त महत्त्वाचं.

मालकांच्या आवडीनिवडीचंही सांगतो. मासे-मटणावरून अडवणारे इथे फारसे नाहीत. अडवतात ते 'बाहेरचे' म्हणून, आणि एका फ्लॅटमध्ये आठ जण कोंबले जातात या भीतीने. कॅसिनोत रात्रपाळी करणारी मुलं असं राहतात, त्यांचाही इलाज नसतो. मालकिणीशी फोनवर मालवणीत बोला. भाडं त्याने उतरणार नाही, पण दार लवकर उघडेल. आणि दोघीच राहणार हे करारात नावं घालून स्पष्ट करा.

एक वेगळा पर्यायही ठेवतो, कारण तुम्हा दोघींना नाटकाचं वेड आहे. मराठी नाटकाचंच वेड असेल तर त्यासाठी पणजीच हवी असं नाही. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर गजबजलेलं असतं, आजूबाजूच्या देवस्थानांत उत्सवी नाटकं होतात, ती फुकट, आणि गावातल्याच मंडळींची. तिथल्या प्रेक्षकासारखा चोखंदळ प्रेक्षक मला पणजीत दिसत नाही. कुर्टी, खडपाबांध, ढवळी या भागांत भाडं पणजीपेक्षा हलकं. पण पाटोला रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर. नोकरीत आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम असेल तरच याचा विचार करा. मडगावला रवींद्र भवन आहे, तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकाची, खरी गर्दी तिथे, पण तुमच्या नोकरीला ते गैरसोयीचं.

शोधायला कधी यायचं? ऑगस्टच्या शेवटी, चतुर्थीच्या आधी किंवा लगेच नंतर. ओल दिसते, पाणी कुठे साचतं ते दिसतं, आणि मालक हंगामाच्या भाड्याची स्वप्नं बघायला अजून लागलेला नसतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून भाव चढतात, इफ्फीच्या आठवड्यात तर घर बघूही नका. नोकरी नोव्हेंबरात सुरू होणार असेल तर ताळगावला पीजीत दोन महिने काढा, सामान सावंतवाडीलाच ठेवा, आणि जानेवारीत, पर्यटक ओसरायला लागले की, सांत इनेजच्या गल्ल्यांतून संध्याकाळी एक फेरी मारा. 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या तिथे अजून गेटलाच लावतात, आणि खालचा किराणावाला फ्लॅट कधी रिकामा होणार ते मालकाच्या आधी सांगतो.